पीएसए ७.४ आलाय: थेट बायोप्सी, आधी एमआरआय, की एकदाच पेट स्कॅन?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच तपासता येईल. वडील ६६ वर्षांचे, कराडला असतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून दाखवायला नेलं, तर रक्तातला पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ७.४ निघाला. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची पुरुषांतली ग्रंथी, ५८ ग्रॅम; मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनीन १.३. युरोलॉजिस्ट म्हणाले, बायोप्सी करून टाकू. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, हल्ली आधी एमआरआय करतात. एमआरआय सेंटरला फोन केला तर कॉन्ट्रास्टचा, म्हणजे इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयचा दर वेगळा, बिनकॉन्ट्रास्टचा वेगळा, आणि वर 'आमच्याकडे थ्री टेस्ला आहे, एआय रिपोर्टिंग आहे' हे ऐकवलं (टेस्ला हे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप). शेजारचे काका म्हणतात, कशाला एवढा घोळ, पीएसएमए पेट स्कॅन (किरणोत्सारी औषध देऊन काढायचा अख्ख्या शरीराचा स्कॅन) करा आणि एकदाचे मोकळे व्हा. आणि तुम्ही विचारताय की यातला सगळ्यात चांगला स्कॅन कोणता.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. कोल्हापूर-सांगली भागात २२ वर्षं काम करतोय, त्यातली गेली दहा-बारा वर्षं प्रोस्टेटचे एमआरआय नियमित वाचतो. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली लिहितोय ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी धरायला, त्यांच्याऐवजी नव्हे. 'सगळ्यात चांगला स्कॅन' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुठलाही स्कॅन सुचवताना मी स्वतःला एवढंच विचारतो की याचं उत्तर हो आलं तर आपण काय करणार आणि नाही आलं तर काय करणार. दोन्हीकडे तेच करणार असू, तर तो स्कॅन आत्ता नको.

स्कॅनकडे वळण्याआधी तुमच्या पोस्टमधल्या दोन ओळींवर थांबतो. तुम्ही त्या जाता जाता लिहिल्यात, पण माझ्या लेखी सगळी गंमत तिथेच आहे. एक: 'त्या आठवड्यात लघवीला जळजळ होती, तपासणीत पस सेल्स १५-२० होते.' दोन: 'दोन वर्षांपासून प्रोस्टेटची एक गोळी चालू आहे.'

जळजळीचं आधी. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन आहे. कॅन्सरने ते रक्तात वाढतं, तसंच संसर्गाने, लघवी तुंबल्याने, कॅथेटर घातल्याने, नुसती ग्रंथी वयाप्रमाणे मोठी झाल्यानेही वाढतं. संसर्ग चालू असताना काढलेला पीएसए म्हणजे ताप असताना मोजलेली नाडी. संसर्गावर पूर्ण उपचार करून सहा ते आठ आठवड्यांनी तो पुन्हा काढायचा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ७.४ चा ४ झालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. एमआरआयही तोवर थांबवलेला बरा, कारण सुजलेल्या ग्रंथीचं चित्र गढूळ येतं आणि मग आम्ही रिपोर्टमध्ये 'कदाचित, बहुधा' लिहीत बसतो. मात्र बोटाने तपासल्यावर युरोलॉजिस्टना ग्रंथी दगडासारखी टणक लागली असेल, किंवा हाडं दुखत असतील, वजन उतरलं असेल, तर हे दोन महिने थांबायचं नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यांना विचारा.

आता गोळी. पाकीट शोधा आणि त्यावरचं औषधाचं नाव वाचा. नुसतं टॅमसुलोसिन असेल तर पीएसएवर फरक पडत नाही. पण आपल्याकडे त्याच गोळीत ड्युटास्टेराइड मिसळून देण्याची पद्धत फार आहे, आणि ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने-वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. मग कागदावरचा ७.४ हा खरा १५ च्या आसपास धरायचा. यात आणखी एक हिशेब असतो. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागतात, त्याला आम्ही डेन्सिटी म्हणतो. ७.४ भागिले ५८ म्हणजे ०.१३. हा आकडा ०.१५ च्या खाली असला की आम्ही जरा सैल श्वास घेतो. तोच १४.८ धरला तर ०.२६ होतो आणि सैल श्वास संपतो. एका गोळीच्या पाकिटावर एवढं अवलंबून आहे. संसर्ग आकडा वर ढकलतोय, गोळी असली तर खाली दाबतेय, आणि या दोन्ही गोष्टी सुटल्याशिवाय ७.४ ला काही अर्थ नाही. टेस्लाची चर्चा त्यानंतर.

समजा पीएसए पुन्हा काढला आणि तो वाढलेलाच राहिला. मग बायोप्सी आधी की एमआरआय? इथे तुमच्या चुलतभावाचं म्हणणं बरोबर आहे, पण ते का, हे कळलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील.

जुनी पद्धत अशी होती: गुदाशयातून सोनोग्राफीचा प्रोब घालून प्रोस्टेटचे ठरलेल्या जागांवरून दहा-बारा तुकडे काढायचे. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, गाठ बहुतेकदा दिसत नाही. म्हणजे सुई ग्रंथीत जातेय एवढं नक्की, गाठीत जातेय की नाही ते नशीब. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही अवयवाची अशी न बघता बायोप्सी आम्ही इतकी वर्षं केली नसेल. ग्रंथीच्या पुढच्या भागातल्या गाठी तर हमखास निसटायच्या, कारण सुई मागून जाते. तीन-तीन बायोप्स्या निगेटिव्ह आणि पीएसए चढतोच आहे, असे पेशंट फाइल काखोटीला मारून फिरताना मी पाहिलेत.

२०१७ साली ब्रिटनमधल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासाने याची मोजदाद केली. ५७६ पुरुषांचा एमआरआय केला, नेहमीची बायोप्सी केली, आणि खरं काय ते कळावं म्हणून भूल देऊन दर ५ मिलिमीटरवर सुई घालून अख्खी ग्रंथी तपासली. महत्त्वाचा, म्हणजे ज्याची खरोखर काळजी करावी असा कॅन्सर नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के वेळा पकडला, एमआरआयने ९३ टक्के वेळा. म्हणजे नेहमीच्या बायोप्सीची नाणेफेक करावी तशी गत. पण एमआरआयची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे: ज्यांना महत्त्वाचा कॅन्सर नव्हता, त्यांच्यातल्या फक्त ४१ टक्क्यांना एमआरआयने बिनधोक म्हटलं. बाकीच्यांवर संशय घेतला. थोडक्यात एमआरआय हा जरा जास्तच भुंकणारा कुत्रा आहे. चोर सहसा सुटत नाही, पण पोस्टमनवरही भुंकतो. म्हणूनच एमआरआयमध्ये काही दिसलं तर बायोप्सी लागतेच. नुसत्या एमआरआयवर कॅन्सरचा शिक्का कुणी मारत नाही आणि मारू नये.

पुढच्याच वर्षी, २०१८ ला, प्रिसिजन नावाची चाचणी झाली. ५०० पुरुष, ११ देश. निम्म्यांची थेट बायोप्सी, निम्म्यांचा आधी एमआरआय आणि त्यात काही दिसलं तरच, दिसलं तिथेच सुई. एमआरआयच्या गटात २८ टक्के लोकांना बायोप्सी लागलीच नाही. तरीही महत्त्वाचे कॅन्सर जास्त सापडले, ३८ टक्के विरुद्ध २६. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आकडा: बिनमहत्त्वाचे कॅन्सर कमी सापडले, ९ टक्के विरुद्ध २२.

कॅन्सर कमी सापडले यात आनंद कसला, असं तुम्हाला वाटेल. पेशंटच्या नातेवाइकांना हे समजावताना माझे सगळ्यात जास्त शब्द खर्च होतात. प्रोस्टेटमध्ये ग्लीसन ३+३ नावाचा एक प्रकार आहे. नावाला कॅन्सर, पण इतका संथ की बहुतेक माणसं त्याच्यासह म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने जातात. ब्रिटनमधल्याच प्रोटेक्ट अभ्यासात, प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं यांपैकी एक मार्ग दिला. १५ वर्षांनंतर प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू झाले जेमतेम ३ टक्के, आणि तिन्ही गटांत जवळपास सारखेच. आपल्या घरांत मात्र 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडला की 'काढून टाका' हेच पुढचं वाक्य असतं, आणि मग लघवीवरचा ताबा, लैंगिक क्षमता यांची किंमत माणूस उरलेलं आयुष्य मोजतो. जो कॅन्सर शोधून उपयोग नाही तो न सापडणं हाही फायदाच.

एमआरआय आधी करण्याचं आणखी एक साधं, कामाचं कारण आहे. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळतं आणि ते एमआरआयवर गाठीसारखं दिसू शकतं. मग सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. क्रम उलटा झाला की दोन्ही तपासण्यांचं नुकसान होतं. तुमचे युरोलॉजिस्ट चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पीएसए ८० आहे, ग्रंथी दगड झालीय, अशा पेशंटची मीही थेट बायोप्सीच करायला सांगतो. जवळपास चांगला एमआरआय आणि तो वाचणारा माणूस नसेल तरीही थेट बायोप्सी योग्य ठरू शकते. कराडहून पुणे किंवा कोल्हापूर गाठणं शक्य आहे, म्हणून तुम्हाला एमआरआय सुचवतोय.

आता चित्रात आम्ही नेमकं काय बघतो ते सांगतो, म्हणजे कॉन्ट्रास्टचं उत्तर आपोआप मिळेल.

मुख्य चित्रं दोन. पहिलं टी-टू. यात प्रोस्टेटची रचना दिसते. संत्र्याच्या सालीसारखा मागचा-बाहेरचा भाग पांढराशुभ्र, आणि आत वाढलेल्या ग्रंथीच्या गोल गोल गुठळ्या. पांढऱ्या सालीत एखादा करडा डाग दिसला की हात माउसवर थांबतो. दुसरं चित्र डिफ्यूजनचं. ते पाण्याचे रेणू किती मोकळे फिरताहेत ते मोजतं. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात माणूस हवा तसा हिंडतो, पण दर्शनबारीत उभा राहिला की पाऊलभरही सरकता येत नाही. निरोगी ग्रंथीत पाणी वाळवंटात असतं, कॅन्सरच्या दाटीवाटीच्या पेशींत ते दर्शनबारीत अडकतं. अशी अडकलेली जागा एका चित्रात ठळक पांढरी आणि तिच्या जोडचित्रात काळीकुट्ट दिसते. टी-टूमधला करडा डाग, डिफ्यूजनमधला पांढरा ठिपका आणि जोडचित्रातलं काळं छिद्र, तिन्ही एकाच जागी एकावर एक बसले की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. मग पाय-रॅड्स नावाच्या १ ते ५ च्या मापावर गुण द्यायचे. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे बायोप्सी, आणि ३ म्हणजे डोकेदुखी.

कॉन्ट्रास्ट हे तिसरं चित्र. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन गाठ किती लवकर रंग धरते ते पाहायचं. पण पाय-रॅड्सच्या नियमांतच त्याला दुय्यम जागा आहे: सालीच्या भागातल्या ३ गुणांच्या डागाला कॉन्ट्रास्टने ४ करता येतो, बास. मग प्रत्येकाला सुई टोचून, मशीनवरचा वेळ दुप्पट करून हे करायचं कशाला, ही कुरबुर आमच्यात बरीच वर्षं चालू होती. २०२५ मध्ये जामा या नियतकालिकात प्राइम चाचणीचे निकाल आले. १२ देशांतली २२ केंद्रं, ४९० पुरुष. त्याच पेशंटचा एमआरआय आधी कॉन्ट्रास्टशिवाय वाचला, मग कॉन्ट्रास्टची चित्रं उघडून वाचला. महत्त्वाचा कॅन्सर सापडला १४३ जणांत आणि १४५ जणांत. फरक दोघांचा. त्यामुळे पहिल्यांदाच तपासणी होणाऱ्या तुमच्या वडिलांना माझ्या मते कॉन्ट्रास्टची गरज नाही. जादा पैसे वाचवा. क्रिएटिनीन १.३ ची धास्तीही नको. हल्लीची गॅडोलिनियमची औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत आणि मूत्रपिंड फार खालावलेलं असेल तरच विचार करावा लागतो. इथे ते औषध धोक्याचं आहे म्हणून टाळायचं नाहीये, लागत नाही म्हणून टाळायचंय. आधी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालंय आणि आजार उलटलाय का बघायचंय, किंवा खुब्यात धातूचा सांधा असल्याने डिफ्यूजनचं चित्र वाकडंतिकडं येतंय, अशा वेळी मी अजूनही कॉन्ट्रास्ट मागतो.

एक अट मात्र मोठी आहे. प्राइममध्ये चित्रांचा दर्जा तपासून घेतला होता. कॉन्ट्रास्ट काढून टाकलं की सगळा भार उरलेल्या दोन चित्रांवर येतो, आणि ती खराब असतील तर आधार उरत नाही. दर्जा बिघडवणारी गोष्ट बहुतेकदा मशीन नसते. मागे एकदा माझ्याकडे बाहेरून काढलेला स्कॅन दुसऱ्या मतासाठी आला. थ्री टेस्ला, नवंकोरं मशीन. डिफ्यूजनमध्ये प्रोस्टेटची मागची बाजू ताणून, वितळल्यासारखी झाली होती, आणि रिपोर्टमध्ये तिथेच 'संशयास्पद' लिहिलं होतं. कारण मलाशयात भरलेला वायू. आमच्या टेक्निशियनने त्या पेशंटला सकाळी छोटा एनिमा दिला, अर्धा तास चालायला लावलं आणि आमच्या जुन्या दीड टेस्लावर तेवढीच चित्रं पुन्हा घेतली. संशय गायब. प्रॉमिसचा अख्खा अभ्यासही दीड टेस्लावरच झाला होता, हे थ्री टेस्लाची जाहिरात करणारे सांगत नाहीत. थ्री टेस्लावर चित्र अधिक स्वच्छ येतं हे खरं आहे, दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर थ्री टेस्ला घ्या. पण तेवढ्यासाठी वाचणारा अनुभवी माणूस सोडून दुसरीकडे जाऊ नका. सेंटरला फोन करून मी असतो तर एकच प्रश्न विचारला असता: प्रोस्टेटचे एमआरआय तुमच्याकडे महिन्याला किती होतात आणि रिपोर्ट कोण करतं? उत्तर देताना रिसेप्शनिस्ट गडबडली तर तेही एक उत्तरच.

वाचणाऱ्याचा विषय निघालाय तर माझी स्वतःची एक चूक सांगतो. साठीतले एक गृहस्थ, पीएसए ११, उजव्या बाजूला मोठा काळाकुट्ट डाग. मी ठामपणे ५ गुण दिले. घरच्यांनी तोवर ऑपरेशनची चौकशीही सुरू केली होती. बायोप्सीत निघाला टीबी. प्रोस्टेटचा टीबी आणि कॅन्सर एमआरआयवर जुळ्या भावांसारखे दिसतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही. त्यांच्या छातीच्या एक्स-रेत वरच्या बाजूला जुना व्रण होता. मी तो मागवून पाहिलाच नव्हता. तेव्हापासून अशा डागाच्या रिपोर्टमध्ये मी टीबीची शक्यता लिहितो, आणि पेशंटला पूर्वी कधी टीबीची औषधं घेतली होती का, हे टेबलावर झोपण्याआधी विचारतो. तुमच्या वडिलांना पूर्वी टीबी झाला असेल तर ते फॉर्मवर जरूर लिहा.

यावरूनच एआयकडे येतो. या क्षेत्रातलं सगळ्यात भरीव काम पाय-काय नावाच्या अभ्यासातलं, २०२४ चं. नऊ हजारांवर पेशंटचे दहा हजारांवर एमआरआय वापरून एक प्रणाली शिकवली आणि तपासली, आणि ४०० स्कॅनवर तिची गाठ २० देशांतल्या ६२ रेडिओलॉजिस्टशी घालून दिली. प्रणाली सरस ठरली. तेवढेच कॅन्सर पकडताना तिने खोटे इशारे निम्मे दिले. मी हे वाचून खट्टू झालो नाही, उलट तो भुंकणारा कुत्रा आठवून बरं वाटलं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. त्या अभ्यासात रेडिओलॉजिस्टना पेशंटची आधीची फाइल, आधीचे स्कॅन, रोजच्या कामात सल्ला द्यायला असतात ते सहकारी, हे काही हाताशी नव्हतं. रोजच्या कामात दिलेल्या रिपोर्टांशी तुलना केली तेव्हा प्रणाली तोडीस तोड होती, पुढे नव्हती. दुसरं, ते स्कॅन नेदरलँड्स आणि नॉर्वेतले. तिथल्या प्रोस्टेटमध्ये टीबी कितीसा असणार? माझी चूक झाली त्या पेशंटला ती प्रणालीही ५ गुण देऊन मोकळी झाली असती असा माझा अंदाज आहे. दुसरे डोळे म्हणून एआय मला हवं आहे. पण 'एआय रिपोर्टिंग' असं फलकावर लिहिलेलं सेंटर नेमकी कुठली प्रणाली वापरतं, आणि खाली सही कुणाची असते, ते विचारा. एआयचा दुसरा, कमी गाजलेला उपयोग चित्र घडवण्यात आहे: नव्या मशीनमध्ये कमी वेळात घेतलेल्या खरखरीत माहितीतून स्वच्छ चित्र काढता येतं, म्हणून पेशंटला कमी वेळ निश्चल पडावं लागतं. अर्धा तास झोपून लघवी आवरणं ज्याला जमत नाही, त्याला विचारा याचं मोल.

इथवरचं थोडक्यात: गोळीचं पाकीट बघा, संसर्ग बरा करा, सहा-आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा काढा. वाढलेलाच असेल तर बिनकॉन्ट्रास्टचा एमआरआय, मग गरज पडली तर बायोप्सी. पेट स्कॅन या रांगेत अजून आलेलाच नाही, आणि काकांचं नेमकं तिथेच चुकतंय.

पीएसएमए पेट ही खरोखरच गेल्या दहा-पंधरा वर्षांतली मोठी झेप आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारा एक छोटा रेणू घ्यायचा, त्याला गॅलियम-६८ सारखा किरणोत्सारी अणू जोडायचा, शिरेतून सोडायचा आणि तासाभराने शरीरात तो कुठे कुठे चमकतोय ते बघायचं. गॅलियमचं अर्धआयुष्य ६८ मिनिटं, त्यामुळे सगळा कारभार घड्याळ लावून. ऑस्ट्रेलियातल्या प्रोपीएसएमए चाचणीत, २०२० साली, ३०२ पुरुषांवर याची जुन्या सीटी आणि बोन स्कॅनशी तुलना झाली. आजार पसरलाय की नाही हे अचूक सांगण्यात पेट ९२ टक्के, जुनी जोडी ६५ टक्के. किरणोत्सारही निम्म्याहून कमी. मात्र ते पुरुष कोण होते ते बघा: बायोप्सीने कॅन्सर सिद्ध झालेले, तोही जास्त धोक्याचा. पेट स्कॅनचा प्रश्न 'कॅन्सर आहे का' हा नसून 'कॅन्सर आहेच, तर कुठवर गेलाय' हा आहे. दुसरा मोठा उपयोग ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा चढायला लागला की तो कुठून येतोय हे शोधायला.

पहिला प्रश्न सुटण्याआधीच पेट केला तर काय होतं, ते मी पाहिलंय. एखाद्या बरगडीत फिकटसा ठिपका चमकतो. फ्लोरिन लावलेल्या काही रेणूंत हे जरा जास्तच होतं आणि बहुतेक वेळा ते काहीच नसतं. टीबीच्या गाठीही चमकतात. कॅन्सरचा पत्ता नाही, पण हाडात पसरल्याची भीती मात्र घरात येऊन बसते. मग त्या बरगडीचा सीटी, एमआरआय, कधी बायोप्सी. उलट काही थोडे प्रोस्टेट कॅन्सर पीएसएमए धरतच नाहीत, त्यामुळे स्वच्छ पेटने निश्चिंत होता येत नाही. काकांना सांगा, तुमचा स्कॅन चांगलाच आहे, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही, आणि देव करो न येवो. आली तर तशाच रेणूला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडून पसरलेल्या आजारावर उपचारही करतात, आणि ते ल्युटेशियम आपल्याकडेही, मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं, तुमच्या प्रश्नाशी संबंध नसला तरी.

एमआरआयचा रिपोर्ट आल्यावर काय? १ किंवा २ गुण आले आणि डेन्सिटी ०.१५ च्या खाली असेल, तर बायोप्सी न करता सहा महिन्यांनी पीएसए, असा मार्ग बहुतेक युरोलॉजिस्ट मान्य करतील. धोका शून्य नसतो. प्रॉमिसमध्ये एमआरआयने 'नाही' म्हटलं ते ८९ टक्के वेळा खरं निघालं, १०० टक्के नाही. म्हणून पीएसए तपासत राहायचं. ४ किंवा ५ आले तर बायोप्सी, डाग दिसतोय तिथे नेम धरून. त्यासाठी एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवणारं फ्युजन मशीन असलं तर उत्तम, नसलं तर अडत नाही. चित्र शेजारी लावून अंदाजाने नेम धरणारा अनुभवी हात आणि फ्युजन सॉफ्टवेअर यांच्यात नेदरलँड्समधल्या एका चाचणीत लक्षणीय फरक दिसला नव्हता. सुई कुठून जाणार हे मात्र विचारा. गुदाशयातून न जाता वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून गेली तर आतड्यातले जंतू सोबत जात नाहीत, आणि आपल्याकडे ते जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला किती दाद देत नाहीत ते पाहता माझा कल तिकडेच आहे. ३ गुण आले तर डेन्सिटी, घरात कुणाला प्रोस्टेट कॅन्सर होता का, वडिलांची मनःस्थिती, हे सगळं घेऊन युरोलॉजिस्टसमोर बसा. अशा वेळी मीही रिपोर्ट लिहून न थांबता त्यांना फोन करतो.

जाताना आधीची सोनोग्राफी, दोन्ही पीएसएचे कागद तारखांसह आणि ते गोळीचं पाकीट सोबत न्या. पेसमेकर किंवा कुठलाही धातू शरीरात असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी पोट साफ, आणि मशीनमध्ये जाण्याआधी लघवी करून घ्या. निघताना नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. बायोप्सी करणाऱ्याला ती लागते, आणि दुसरं मत घ्यायचं झालं तर फिल्मवरून मला काहीही सांगता येत नाही. वडिलांना आधीच सांगून ठेवा की आत ठकठक, घरघर असा मोठा आवाज येईल, मशीन बिघडलेलं नसतं. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेरचा माणूस लगेच बोलतो. ही गोष्ट माहीत नसल्याने निम्म्यातून उठून बाहेर आलेले कितीतरी काका मी दारातच परत वळवलेत.